वेशीबाहेरचे मद्य : फ्रेंच ‘गँगेत’ आणि हलक्या द्राक्षमद्याचा इतिहास

फ्रान्समधील द्राक्षमद्यांचा इतिहास सामान्यतः राजवाडे, मठ आणि बोर्दो-बर्गंडीकडील नामांकित मळे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. ज्या मद्याचे पेले रविवारी दुपारी नदीकाठच्या झाडांखाली, लाकडी बाकांवर बसलेल्या कारागिरांनी रिचविले, त्याची हकीकत या इतिहासात ओझरतीच येते. फ्रेंच भाषेने या मद्याला दिलेली नावे पाहिली तरी ही उपेक्षा ध्यानात येते. ‘लहान मद्य’ हे त्याचे सर्वसाधारण नाव. त्याखेरीज ‘झँगे’ म्हणजे तोकडे, ‘पिकेत’ म्हणजे जिभेला टोचणारे, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ‘पिकोलो’, म्हणजे पुन्हा लहानच. अशी ही सारी नावे कमीपणाची आहेत. आज मात्र हलके, फळाच्या स्वादाचे, किंचित थंड करून मोकळ्या हवेत घ्यावयाचे मद्य हे चोखंदळ अभिरुचीचे लक्षण समजले जाते. हा पालट केवळ जिभेच्या संस्काराने झाला असे मानणे सोपे आहे. तथापि या मद्याचा माग काढू लागले की तो वारंवार एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो, आणि ते ठिकाण म्हणजे पॅरिसच्या वेशीवरील जकातीचा नाका.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हलकेपणा हा मुळात दोष मानला जात नव्हता. मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडकडे जाणारे प्रतिष्ठित मद्य फिकट लाल रंगाचे असे. त्याला ‘क्लेरे’, म्हणजे स्वच्छ, उजळ असे म्हणत. इंग्रजीतील ‘क्लॅरेट’ हा शब्द त्यावरूनच आला. तो आज बोर्दोच्या गडद लाल मद्याला लावला जातो, म्हणजे शब्द तोच राहिला आणि वस्तू तेवढी बदलली. पॅरिसच्या आसमंतातील मद्यांचीही अशीच ख्याती होती. आंरी दांदली याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मद्यांची लढाई’ या काव्यात फिलिप ऑगस्टस राजापुढे निरनिराळ्या प्रांतांची मद्ये पारखली जातात. त्यांत पॅरिसजवळच्या आर्जांतय गावच्या मद्याला मानाचे स्थान आहे. याच आर्जांतयचे नाव एकोणिसाव्या शतकात स्वस्त, आंबूस मद्याचे उपहासात्मक उदाहरण म्हणून घेतले जात असे. गाव तेच, पॅरिसपासूनचे अंतर तेच, सेन नदीचे वळणही तेच. तेव्हा मधल्या सहाशे वर्षांत काय घडले, हा खरा प्रश्न आहे.

‘झँगे’ हा शब्द या प्रश्नाचा पहिला धागा होय. ‘गँगे’ हे त्याचेच दुसरे रूप. मूळचे हे विशेषण तोकड्या, अरुंद, अपुऱ्या वस्तूसाठी वापरले जाई. सोळाव्या शतकातील विधिज्ञ व इतिहासकार एत्येन पास्क्ये याने १५५४ सालच्या अत्यंत हिरव्या, न पिकलेल्या मद्याला हे नाव पडल्याची नोंद केली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस याच कुळातला ‘गँगेत’ हा शब्द वेशीबाहेरच्या मद्यगृहासाठी रूढ झालेला दिसतो. या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. जेथे झँगे मिळते ती गँगेत, असे अठराव्या शतकातील कोशकारांना वाटे. काही अभ्यासक ‘अरुंद’ या मूळ अर्थावरून ‘लहानसे घर’ हा अर्थ सुचवितात. तर काहींना उडी मारणे, नाचणे या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाशी तिचे नाते दिसते. गँगेतमध्ये मद्य होते, घर लहान होते आणि नाचही होता. त्यामुळे तिन्ही व्युत्पत्त्या लोकांना पटल्या असाव्यात यात नवल नाही. एखादी व्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या खरी नसली तरी बोलणाऱ्यांनी ती खरी मानली, की शब्दाच्या अर्थावर तिचा परिणाम होतोच.

आता दुसरा धागा. १५७७ मध्ये पॅरिसच्या पार्लमांने, म्हणजे तेथील उच्च न्यायपीठाने, एक हुकूम काढला. त्यान्वये पॅरिसच्या मद्यव्यापाऱ्यांना व मद्यगृहवाल्यांना शहराच्या सभोवार वीस लीग, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, इतक्या टापूत मद्य खरेदी करण्यास मनाई झाली. या टापूतले मद्य मळ्याच्या मालकांनी स्वतः शहरात आणून विकावे, व्यापाऱ्यांनी मात्र दूरच्या प्रांतांतून माल आणावा, असा त्याचा आशय होता. रोजे दियाँ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील द्राक्षवेलीच्या इतिहासात या हुकुमाचे जे विवेचन केले आहे ते मूलगामी आहे. त्यांच्या मते या एका निर्बंधामुळे दोन परिणाम झाले. व्यापारी ऑर्लेआं, ओझेर आणि पुढे बोजोलेपर्यंत माल शोधीत गेले. आणि पॅरिसजवळच्या लहान शेतकऱ्याला, ज्याला शहरात दुकान मांडणे शक्य नव्हते, वेशीबाहेरच्या मद्यगृहाचेच गिऱ्हाईक काय ते उरले. या गिऱ्हाइकाला भाव कमी आणि माल पुष्कळ हवा होता. म्हणून शेतकऱ्याने कमी पिकणाऱ्या, सुवासिक जातींच्या वेली काढून भरघोस पिकणाऱ्या गामे आणि ग्वे या जाती लावल्या. मार्सेल लाशिव्हेर यांच्या १९८२ मधील ग्रंथात पॅरिस परिसराच्या संदर्भात हे परिवर्तन बारकाईने दाखविलेले आहे. आर्जांतयचे मद्य बिघडले ते मातीमुळे नव्हे.

शेतकऱ्याने शहराची वेस ओलांडून माल आत का आणला नाही, याचे उत्तर कराच्या पद्धतीत आहे. शहरात येणाऱ्या मालावरील या कराला फ्रेंचमध्ये ‘ऑक्त्र्वा’ हे नाव रूढ झाले. त्याचा मूळ अर्थ ‘देणे, मंजूर करणे’ असा असून राजाने नगराला कर बसविण्याची दिलेली मंजुरी त्यातून सूचित होते. महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. इंग्रजीतून तो ‘ऑक्ट्रॉय’ या रूपाने आपल्या नगरपालिकांच्या कायद्यात आला, व्यवहारात अरबी वळणाच्या ‘जकात’ या शब्दाने त्याचे काम केले, आणि मुंबई महानगरपालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होती. पॅरिसमध्ये मात्र मद्यावरील हा कर किमतीवर नसून मापावर होता. सुमारे २६८ लिटरांच्या ‘म्वी’ या मापावर जो ठराविक आकार, तो उत्तम मद्याला आणि हलक्या मद्याला सारखाच. समजा, एका पिंपाची किंमत दोनशे आणि दुसऱ्याची चाळीस असून दोहोंवर पन्नास कर बसला, तर पहिले पिंप एक चतुर्थांशाने महागते आणि दुसरे दुपटीच्याही वर जाते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले असले तरी पद्धतीचे मर्म त्यांतून स्पष्ट होते. गरिबाचे मद्य वेशीच्या आत गरिबाला परवडेनासे होई. उलट सरदार, धर्मपीठे व प्रतिष्ठित नागरिक यांना स्वतःच्या मळ्यातील मद्य काही करांतून सूट मिळवून आणता येत असे. ‘लहान मद्या’ची टिंगल करणारे बरेचसे लेखन याच वर्गाच्या लेखणीतून उतरले आहे, हे ते वाचताना विसरता कामा नये.

जे मद्य आत येऊ शकत नव्हते त्याच्याकडे माणसे बाहेर गेली. रविवारी व सणावारी, आणि पुष्कळदा सोमवारीही, कारागीर, मोलकरणी, शिपाई, गवंडी असे लोक कुटुंबासह बेलव्हीलच्या पायथ्याशी कूर्तीय येथे, किंवा उत्तरेला पोर्शरों येथे जात. तेथे बाग असे, मांडवावर वेली चढविलेल्या असत, एखादा व्हायोलिनवाला असे. मद्य मडक्यात किंवा जस्तकथिलाच्या भांड्यात येई. बाटलीचा प्रश्नच नव्हता, कारण ते मद्य त्याच वर्षी संपवावयाचे असे. टॉमस ब्रेनन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातील पॅरिसच्या पोलिसी कागदपत्रांवरून असे दाखविले आहे की, ही मद्यगृहे केवळ धिंगाण्याची ठिकाणे नसून ओळखीच्या माणसांनी एकत्र बसण्याची, व्यवहार ठरविण्याची व पत सांभाळण्याची जागा होती.

या मंडळींत झां रांपोनो हे नाव सर्वांत गाजले. निव्हेर्ने प्रांतातून आलेल्या या माणसाने कूर्तीयमध्ये ‘राजनगारा’ अशा अर्थाचे नाव असलेले मद्यगृह चालविले आणि मद्याचा भाव पिंटाला साडेतीन सू, म्हणजे इतरांहून एक सू कमी ठेवला. पॅरिसचा पिंट लिटरास थोडा कमी. त्या एका सूने चमत्कार केला. गर्दी इतकी लोटली की गाडीवानांबरोबर सरदार-सरदारणीही गंमत पाहावयास येऊ लागल्या, आणि १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये पोशाखाच्या टुमींनाही रांपोनोचे नाव लागू लागले. त्याच वर्षी एका नाटकवाल्याशी केलेला रंगमंचावर येण्याचा करार त्याने धर्मभीरुतेचे कारण सांगून मोडला; त्यावरून खटला उभा राहिला आणि व्हॉल्तेरने रांपोनोच्या वतीने एक विनोदी कैफियत लिहिली. साध्या मद्याकडे थोरामोठ्यांनी कौतुकाने वळण्याचा हा बहुधा पहिला ठळक प्रसंग होय. मात्र ते कौतुक मद्याचे नसून गर्दीचे होते.

शहराचे उत्पन्न असे बाहेर झिरपत होते, आणि करवसुलीचा मक्ता घेतलेल्या मंडळाला ते सहन होणे शक्य नव्हते. उत्तर पेशवाईतील मामलतींच्या इजाऱ्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या मक्तेदारांचे मनोगत समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारला ठरलेली रक्कम भरली की उरलेली वसुली मक्तेदाराची. या मंडळाचा एक सदस्य म्हणजे रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए. शहराभोवती भिंत बांधण्याची कल्पना त्याने मांडली. १७८४ ते १७९० या काळात सुमारे २४ किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली आणि तिच्या नाक्यांच्या इमारती क्लोद-निकोला लदू या वास्तुशिल्पज्ञाने मंदिरांच्या थाटात रचल्या. फ्रेंचमध्ये ‘भिंत’ आणि ‘कुरकुर’ या अर्थांच्या शब्दांत जो ध्वनिसाम्याचा खेळ आहे, त्यावर पॅरिसकरांनी कोटी केली आणि ती आजही स्मरणात आहे. भिंत जुन्या वेशीच्या पुष्कळ पुढे सरकवून बांधलेली असल्यामुळे अनेक गँगेती एका रात्रीत वेशीच्या आत आल्या. त्यांचा स्वस्तपणा गेला.

जुलै १७८९ मध्ये बास्तीयच्या किल्ल्यावर लोक चालून गेले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे तीन-चार दिवस लोक जकातनाके जाळीत होते, हे तितकेसे ठाऊक नाही. बहुसंख्य नाके जळाले. जॉर्ज रूदे यांनी फ्रेंच क्रांतीतील जनसमुदायावरील आपल्या १९५९ च्या ग्रंथात या प्रकरणाच्या कागदपत्रांचा उपयोग केला असून त्यांत मद्यविक्रेते, चोरटी आयात करणारे आणि रोजंदारीचे मजूर आढळतात. खटले पुढे १७९० मध्ये संविधानसभेने थांबविले. १ मे १७९१ पासून प्रवेशकर रद्द झाला आणि त्या रात्री बारा वाजता वेशीबाहेर खोळंबलेल्या मद्याच्या गाड्या शहरात शिरल्या. हा आनंद सात वर्षे टिकला. १७९८ मध्ये कर परत आला, तो ‘दानधर्मासाठी नगरकर’ असे सोज्ज्वळ नाव घेऊन.

पुढील कथा पुन्हा तीच, केवळ वेस आणखी लांब गेली. १ जानेवारी १८६० रोजी बेलव्हील, मोंमार्त्र, बेर्सी इत्यादी गावे पॅरिसमध्ये सामील झाली आणि गँगेत मार्न व सेन नद्यांच्या काठी सरकली. या वेळी तिच्या मदतीला रेल्वे होती. सेन-जेर्मेंच्या दिशेचा मार्ग १८३७ पासून चालू होता. बास्तीयहून व्हँसेनकडे व मार्नच्या वळणाकडे जाणारा १८५९ मध्ये सुरू झाला. शातू येथील फुर्नेझ यांच्या खाणावळीच्या सज्जात ऑग्युस्त रन्वार याने १८८०-८१ मध्ये ‘नावाड्यांचे जेवण’ हे चित्र रंगविले. पांढऱ्या कापडावर अर्ध्या रिकाम्या बाटल्या, द्राक्षे, तिरपे ऊन, आणि भोवती कोणाही एका वर्गाची नसलेली माणसे. बाटलीवर चिठ्ठी नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्या मद्याला अजून नाव नव्हते.

येथे ‘पिकनिक’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मेनाज याच्या १६९४ मधील व्युत्पत्तिकोशात हा शब्द आढळतो तो ज्याने त्याने आपला वाटा द्यावयाचे जेवण या अर्थाने. झाडी, गवत, नदी यांचा त्यात मागमूस नाही. उघड्या हवेचा अर्थ त्याला मुख्यतः इंग्रजीत चिकटला आणि तेथून तो फ्रेंचमध्ये परतला. मराठीतील ‘वनभोजन’ किंवा कार्तिकातले ‘आवळीभोजन’ यांत स्थळ शब्दातच सांगितलेले आहे. फ्रेंच शब्दात सांगितली आहे ती वर्गणी.

रेल्वेने माणसांना नदीकाठी नेले, परंतु तिनेच तेथील मद्याचा घात केला. लांगदोकचे स्वस्त, रंगाने गडद मद्य दक्षिणेकडून आगगाडीने येऊ लागल्यावर आर्जांतय, स्युरेन येथील आंबूस मद्याला गिऱ्हाईक उरेना. १८६३ मध्ये दक्षिणेत प्रथम दिसलेला आणि १८६८ मध्ये ओळखला गेलेला फिलॉक्सेरा हा मुळांवरचा कीटक पुढे उत्तरेकडेही पसरला. आर्जांतयच्या शेतकऱ्याने वेलीऐवजी शतावरीच्या कुळातील ‘अॅस्परॅगस’ ही भाजी लावणे पसंत केले. त्याच सुमारास ‘पिकोलो’ हा शब्द अशा स्थानिक मद्यासाठी बोलीत आला आणि त्यावरून ‘पिकोले’, म्हणजे ढोसणे, हे क्रियापद झाले. मद्य नाहीसे होऊन क्रियापद तेवढे मागे राहिले. करही अखेर सैल झाला. १८९७ च्या कायद्याने मद्य, बिअर व सायडर यांची गणना ‘आरोग्यकर पेयां’त करून त्यांवरील जकात कमी करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १९०१ पासून पॅरिसने मद्यावरील जकात उठविली. संपूर्ण ऑक्त्र्वा १९४३ मध्ये संपला. ज्या मद्याला जिभेला टोचणारे म्हणत, ते कायद्याच्या भाषेत आरोग्यकर ठरावे, हा शब्दार्थाचा प्रवास उल्लेखनीय आहे.

नदीकाठच्या टेबलावर मोकळी झालेली जागा मग बोजोलेने घेतली. त्याची वेल गामेच. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फार पिकणारी व बेइमान ठरवून हिची आपल्या मुलखातून हकालपट्टी केली होती. परंतु बर्गंडीच्या चुनखडीत जी फिकी पडली, ती दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर फुलली. १५७७ च्या हुकुमामुळे दूरचा माल शोधणारे पॅरिसचे व्यापारी आणि १६४२ मध्ये पुरा झालेला, ल्वार व सेन यांना जोडणारा ब्रियारचा कालवा यांमुळे या मद्याला राजधानीची वाट मिळाली. त्याची करण्याची रीतही वेगळी आहे. घड न चिरडता, देठांसकट हौदात भरतात. खालची फळे वजनाने फुटून आंबू लागतात, त्यांतून निघणारा कर्बवायू हौद भरून टाकतो, आणि वरच्या अखंड फळांच्या आतच आंबवण सुरू होते. त्यामुळे साल-बियांतील तुरटपणा थोडाच उतरतो आणि फळाचा गंध राहतो. असे मद्य थंड चांगले लागते आणि मुरविण्याची वाट पाहावी लागत नाही. झँगेचा हलकेपणा गरिबीतून आला होता. येथे तो कसबाने आणलेला आहे.

या कसबाला नाव आणि संरक्षण मिळाले ते १९३५ च्या कायद्याने. मद्याच्या नावाला विशिष्ट भूमी, जात व रीत यांचे बंधन घालणारी व्यवस्था त्याने उभी केली. रोनकाठचे तावेल हे गुलाबी मद्य आणि नांतजवळचे म्युस्कादे १९३६ मध्ये, बोजोले १९३७ मध्ये तिच्यात आले. १९३६ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. लोकआघाडीच्या सरकारने जूनमध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा दिला. त्याच वर्षी झ्युलियँ द्युव्हिव्हिये याचा ‘ला बेल एकीप’ हा बोलपट आला. पाच बेकार मित्रांना सोडतीत बक्षीस लागते आणि ते मार्नकाठी स्वतःची गँगेत उभारतात. या बोलपटाला दोन शेवट आहेत, एक शोकान्त व एक सुखान्त. स्वस्त मद्याची एक जागा आपल्या मालकीची असावी ही इच्छा त्या काळी किती खोल होती आणि ती फळेल याची खात्री किती थोडी, हे त्या दोन शेवटांवरून दिसते.

युद्धानंतर या हलक्या मद्यांची चढती कमान सुरू झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बोजोलेचे नवे मद्य लवकर विकण्यास मुभा मिळाली, १९६७ मध्ये १५ नोव्हेंबर हा दिवस ठरला, आणि १९८५ पासून त्या महिन्याचा तिसरा गुरुवार. मध्यंतरी या नव्या मद्याच्या जाहिरातबाजीने बोजोलेची अब्रू काहीशी खाली आणली. मोर्गों, फ्लरी या गावांचे दर्जेदार मद्यही त्या गोंगाटात झाकले गेले. १९७७ मध्ये प्रोव्हांस किनाऱ्याला मान्यता मिळाली आणि सुट्टीतल्या टेबलावर गुलाबी मद्याने जागा पटकावली. गंमत अशी की फ्रेंच माणूस मद्य पितो पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. १९६० च्या सुमारास दरडोई वार्षिक खप १०० लिटरांहून अधिक होता, आज तो निम्म्याहून कमी आहे. रोजच्या तहानेचे मद्य नाहीसे झाल्यावर ‘तहानेचे मद्य’ हा शब्दप्रयोग स्तुतिपर झाला आहे.

पॅरिसच्या वेशीबाहेरच्या मळ्यांपैकी आज जवळजवळ काहीच शिल्लक नाही. १८६० मध्ये शहरात ओढल्या गेलेल्या मोंमार्त्रच्या टेकडीवर, घरे उठू नयेत म्हणून १९३३ मध्ये लावलेला अर्ध्या एकराहूनही लहान असा एक मळा आहे. त्यातील वेली मुख्यतः गामेच्या आहेत. दर वर्षी तेथे द्राक्षतोडणीचा उत्सव होतो आणि त्या मद्याच्या थोड्याशा बाटल्या लोककल्याणाच्या कामासाठी चढ्या भावाने विकल्या जातात.